टांकसाळ आणि पोयबावडी

१९२३ च्या एप्रिलमध्ये भीमराव आंबेडकर लंडनहून मुंबईला परतले, तेव्हा बॅरिस्टरी पदरात पडली होती, एम.एस्सी. झाली होती, पण डॉक्टरेटचा प्रबंध अडकला होता. परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितले होते. विषय होता रुपया. लंडनमध्ये राहून तो नव्याने लिहायचा तर पैसे संपलेले. म्हणून ते काम परळला झाले, पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या पहिल्या नंबरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत. एकीत बिऱ्हाड, दुसरीत पुस्तके. आंबेडकरांनी मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र तेच ठेवले. बाड बोटीने लंडनला गेले, पदवी मिळाली आणि वर्षअखेर पी. एस. किंग अँड सन या लंडनच्या प्रकाशकाने ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ छापून बाहेर काढले.

या चाळी बांधणारा ट्रस्ट १८९६ च्या प्लेगनंतर शहराची कोंदट वस्ती मोकळी करण्यासाठी स्थापन झाला होता. परळ, लालबाग, नायगाव, भायखळा हा सगळा टापू तेव्हा गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचा आणि झोपायचा. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात, कोलकात्याच्या पेढ्यांत आणि लंडनच्या इंडिया ऑफिसात रुपयाविषयी जे ठरायचे, त्याचा हिशेब इथे महिन्याच्या पगाराला लागायचा. चलनशास्त्रावरचा एक पंडिती ग्रंथ अशा ठिकाणी पुरा झाला हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. पुस्तकातला प्रश्नच मुळी ‘रुपया कोणासाठी स्थिर ठेवायचा?’ असा आहे.

आंबेडकरांचा अर्थशास्त्रज्ञ म्हणून उल्लेख आपण करतो तो बहुधा एका वाक्यात, पदव्यांच्या यादीसकट, आणि पुढे निघून जातो. त्या यादीच्या मागे एक अर्धवट राहिलेली कारकीर्द आहे. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., मग सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. तिथे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे नामांकित प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांचे मार्गदर्शन. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अर्ध्यावर परत. करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. खोटे नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकावले. पुन्हा मुंबई.

त्यानंतरचा एक उद्योग फारसा कोणी सांगत नाही. मुंबईत त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबियात शिकून आलेला, कंपन्यांचे ताळेबंद वाचता येणारा माणूस. गिऱ्हाइके येऊ लागली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर ती यायची थांबली आणि पेढी मिटली. मुंबईच्या वित्तबाजारात अर्थतज्ज्ञ म्हणून पाय रोवण्याचा हा त्यांचा पहिला प्रयत्न, आणि एका अर्थाने शेवटचाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली, पगार महिना ४५० रुपये. वर्गाला दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांचा हात लागू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. काटकसरीने राहून त्यांनी या पगारातून लंडनची बेगमी केली. त्यात छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज मिळवून १९२० च्या जुलैत ते अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला गेले.

जाण्यापूर्वी, १९१८ मध्ये, त्यांनी ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’ हा निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेती बुडते, तेव्हा कायदा करून तुकडे जोडा, असा त्या वेळचा सरकारी सूर होता. आंबेडकरांनी विचारले, किती एकर म्हणजे पुरेशी जमीन, हे कशावरून ठरवणार? कुटुंबाच्या पोटावरून? शेत लहान की मोठे हे एकरांवर नसते, त्या एकरांवर बैल, अवजारे, भांडवल आणि माणसे किती, यावर असते. अवजारे नसलेल्या माणसाला दहा एकरसुद्धा झेपत नाही. आणि माणसे तर जमिनीला पेलवतील त्याहून कितीतरी जास्त झालेली. ही जादा माणसे कागदावर शेतकरी, प्रत्यक्षात रिकामी. ती खातात पण उत्पन्नात भर घालत नाहीत. त्यांना जमिनीवरून उचलून कारखान्यात काम द्या, तुकड्यांचा प्रश्न आपोआप सैल होईल. पुढे अर्थशास्त्राने या रिकाम्या हातांना ‘छुपी बेकारी’ असे नाव दिले आणि त्यावर ग्रंथ रचले. परळमध्ये राहणाऱ्याला ती छुपी नव्हती. रत्नागिरीच्या खाचरातून उठून गिरणीत बदली कामगार म्हणून उभा राहणारा प्रत्येक चाकरमानी हा त्या निबंधाचा पुरावाच होता.

आता रुपयाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे.

१८३५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया चांदीचा होता: वजन १८० ग्रेन, त्यातली शुद्ध चांदी १६५. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि नाणी पाडून घ्यावीत. त्यामुळे रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत. १८७० नंतर युरोपातले देश एकेक करत सोन्याच्या चलनावर गेले, चांदीला विचारणारे कमी झाले आणि ती घसरत गेली. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया १८९०-९२ नंतर सव्वा शिलिंगाकडे आला. सरकारला लंडनला दरवर्षी सोन्यात पैसे भरावे लागत (पेन्शने, रेल्वेचे व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च), तेव्हा त्याचे धाबे दणाणले. हर्शेल कमिटीच्या सल्ल्याने २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. आता रुपये पाडणार फक्त सरकार. नाण्यात चांदी कितीही असो, भाव सरकार ठरवील तो. आणि तो पुढे एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे १६ पेन्स, असा बांधला गेला.

१८९८ च्या फाउलर कमिटीने सोन्याचे नाणे चालवा असे सांगितले होते. ते बाजूला पडले आणि एक वेगळीच रचना उगवली, तिला सुवर्णविनिमय परिमाण म्हणतात. देशात चलन रुपयाचेच, पण परदेशी देण्यासाठी सरकार ठरलेल्या दराने सोन्याशी, म्हणजे व्यवहारात पौंडाशी, त्याची अदलाबदल करून देणार. लंडनच्या व्यापाऱ्याला इथला कापूस हवा, तर तो भारतमंत्र्याकडे पौंड भरून हुंडी घ्यायचा, ती हुंडी मुंबईत किंवा कोलकात्यात सरकारी खजिन्यात वटली की रुपये बाहेर. पौंड लंडनलाच राहायचे. उलट वेळ आली, म्हणजे हिंदुस्थानची देणी वाढली, की इकडून उलट्या हुंड्या विकायच्या आणि लंडनच्या साठ्यातून पौंड द्यायचे. १९१३ मध्ये जॉन मेनार्ड केन्स या तरुण अर्थशास्त्रज्ञाने या रचनेची भलामण करणारे पुस्तक लिहिले. लोकांच्या खिशात सोने फिरवणे ही उधळपट्टी. स्वस्त नाण्याने देश चालवा, सोने हिशेबापुरते ठेवा, असा त्याचा रोख. युक्तिवाद देखणा होता, आणि आजच्या जगात जिंकलाही तोच.

आंबेडकरांनी या देखण्या रचनेत हात घातला तो एका साध्या जागी. रुपये किती पाडायचे हे कोण ठरवते? सरकार. त्याला मर्यादा कशाची? कशाचीही नाही. सोळा आण्यांहून बऱ्याच कमी किमतीच्या चांदीच्या नाण्यावर सोळा आण्यांचा छाप मारला की उरलेला नफा सरकारचा. हा नफा सुवर्ण राखीव निधीत जमा होई आणि त्या निधीच्या जोरावर रुपयाचा दर टिकतो असे सांगितले जाई. आंबेडकरांनी यातली विसंगती नेमकी पकडली. निधी वाढायचा तर रुपये वाढायला हवेत, आणि रुपये वाढले की निधीवरचा बोजाही वाढतो. म्हणजे ज्या रोगावर औषध, त्या रोगानेच औषध तयार होणार.

दुसरा मुद्दा याहून खोल होता. सरकार आणि केन्स दोघेही रुपयाची तब्येत लंडनच्या दरावरून पाहत: १६ पेन्स आहे ना, मग ठीक. आंबेडकर म्हणत की रुपयाची तब्येत बाजारात पाहा. त्याला ज्वारी किती येते, तांदूळ किती, कापड किती. लंडनचा दर जागेवर असताना इथली महागाई वाढू शकते. हुंड्यांच्या खटपटीने दर धरून ठेवता येतो, पण रुपयांचा पूर आला तर त्याची खरेदीची ताकद धरून ठेवता येत नाही. आणि खरेदीची ताकद गेली की आज ना उद्या दरही जातो. हे सगळे आकडेवारीचे तक्ते लावून, १८०० पासूनचा इतिहास उकरून त्यांनी मांडले.

१९२० चा अनुभव ताजा होता. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, रुपया चढला, बॅबिंग्टन स्मिथ कमिटीने दर सोन्याच्या दोन शिलिंगांवर बांधायला सांगितला. कमिटीतले मुंबईचे सभासद दादिबा दलाल यांनी भिन्नमत पत्रिका जोडली, ती कोणी ऐकली नाही. बाजार तो दर मानायला तयार नव्हता, सरकार मात्र त्याच्या आसपास उलट्या हुंड्या विकत राहिले. ज्यांना त्या मिळाल्या त्यांचे उखळ पांढरे झाले. काही महिन्यांत सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या हुंड्या खपल्या आणि शेवटी सरकारने हात टेकले. १९२१ च्या आरंभी रुपया पुन्हा सव्वा शिलिंगाच्या घरात. आंबेडकर तेव्हा लंडनमध्येच हा विषय अभ्यासत होते.

त्यांचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो. रुपये पाडणे कायमचे बंद करा. जितके आहेत तितकेच. त्या संख्येवर कायद्याचे कुलूप. रुपयाच्या बदल्यात सोने देण्याचे सरकारी वचनही नको. वाढत्या व्यापाराला चलन लागेल ते सोन्याच्या नाण्यांनी पुरवा, टांकसाळ सोन्याला खुली करा. केन्सच्या पंथाला हे मागासलेपण वाटले असणार. पण आंबेडकरांचा सगळा भर सोन्याच्या प्रेमावर नव्हता, सरकारच्या हातावर होता. शहाणा अधिकारी असेल तर सुवर्णविनिमय परिमाण चालेलही. पण व्यवस्था अशी हवी की मूर्खाला बिघडवता येऊ नये आणि लबाडाला वाकवता येऊ नये. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. अनेक मुद्द्यांवर आपले पटत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि तरी मूळ निष्कर्षाकडे, म्हणजे साधी व्यवस्था भ्रष्ट करणे अधिक अवघड असते या विचाराकडे, ते झुकले. गुरूने असहमती नोंदवून पाठ थोपटावी, हे आपल्याकडच्या प्रस्तावनांत क्वचितच दिसते.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी सरकारने चलनावर रॉयल कमिशन नेमले. अध्यक्ष हिल्टन यंग. त्याच्यापुढे १५ डिसेंबर १९२५ रोजी डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. वय ३४. त्या वेळी पोटापाण्यासाठी ते वकिली करत होते आणि एका हिशेबनीसीच्या खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते.

ही तारीख गिरणगावच्या पंचांगात बसवून पाहिली पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरपासून मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मालकांचे म्हणणे, धंदा मंदीत आहे, कापडावरचा साडेतीन टक्के उत्पादन कर काढा, म्हणजे कपात मागे घेतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने करवसुली स्थगित केली, कपात रद्द झाली, संप मिटला. म्हणजे साक्षीच्या दिवशी परळ-लालबागच्या खोल्यांत संपाच्या महिन्यांतली वाण्याची उधारी अजून फिटलेली नव्हती.

आणि त्याच काळात फोर्टातले व्यापारी आणि गिरणीमालक आणखी एक मागणी करत होते: रुपया १८ पेन्सचा नको, १६ पेन्सचा करा. रुपया स्वस्त झाला की परदेशी कापड महागेल, आपला कापूस आणि सूत बाहेर जास्त खपेल. या मागणीला राष्ट्रीय बाणा चिकटला होता. इंग्रज सरकार १८ म्हणते तर देशभक्ताने १६ म्हणावे, असा माहोल. आंबेडकर त्यात वाहून गेले नाहीत. रुपया स्वस्त केला की देशातले भाव चढतात, मजुरी त्या वेगाने चढत नाही. मग निर्यातदाराचा जो नफा दिसतो तो परदेशातून आलेला नसतो, इथल्याच मजुराच्या ताटातून उचललेला असतो. एका वर्गाचे दुसऱ्या वर्गाकडे गेले, देशाचे म्हणून काही वाढले नाही. सप्टेंबरमधली कपात फलकावर लावून केली म्हणून संप झाला. दर उतरवून केलेल्या कपातीला फलक लागत नाही, हा त्यातला गर्भितार्थ. (संपाचा आणि दराचा हा सांधा माझा, पण त्यांच्या युक्तिवादात तो बिनजोड बसतो.)

कमिशनचा अहवाल १९२६ मध्ये आला. दर १८ पेन्स, सोन्याच्या लगडीशी बांधलेला रुपया आणि चलन सांभाळायला स्वतंत्र मध्यवर्ती बँक, या तीन ठळक शिफारशी. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १६ पेन्सच्या बाजूने भिन्नमत नोंदवले. तोवर नोटा आणि नाणी सरकारच्या हाती होती आणि बँकांची पतपुरवठ्याची सूत्रे १९२१ मध्ये तीन इलाखा बँका एकत्र करून झालेल्या इम्पीरियल बँकेच्या. एकाच घोड्याचे दोन लगाम दोघांच्या हातात. ते एका ठिकाणी आणायचे म्हणून मध्यवर्ती बँक. बरीच खडाखडी होऊन १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. दोन वर्षांनी तिचे मुख्य कार्यालय कोलकात्याहून मुंबईला आले.

इथे जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत हमखास ऐकू येणाऱ्या एका वाक्याकडे वळावे लागते: आंबेडकरांच्या पुस्तकाबरहुकूम रिझर्व्ह बँक स्थापन झाली. प्रेमाने बोललेले आहे, पण पुस्तक वाचलेल्याला ते खटकते. पुस्तकात बँकेचा आराखडा नाही, चलन काढणाऱ्याला लगाम कसा घालावा याचा विचार आहे. कमिशनने त्यांची मूळ योजना स्वीकारली नाही; त्यांना रुपयाच्या बदल्यात काही देण्याचे वचन नको होते, कमिशनने सोन्याच्या लगडीचे वचन दिले. ते वचन पाच वर्षांत गळून पडले, कारण सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडच सोन्यावरून उतरले. आंबेडकरांचे योगदान बँकेच्या पायाभरणीत शोधण्यापेक्षा पुढच्या एका गोष्टीत शोधावे. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पतधोरण समिती आली, महागाईचे लक्ष्य ४ टक्के ठरले, दोन टक्के इकडे-तिकडे. रुपयाची कसोटी बाजारभावात, परकीय दरात नव्हे, आणि ती पाळायची सक्ती कायद्याने: हे १९२३ च्या पुस्तकाशी कितीतरी जवळचे आहे. त्यातले सोने मात्र कालबाह्य झाले, ते झालेच.

दुसरे पुस्तक, ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’, १९२५ मध्ये आले, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह, सयाजीरावांना अर्पण केलेले. केंद्राची तिजोरी आणि प्रांतांचा खर्च यांचा हा इतिहास रुक्ष वाटतो, पण सूत्र तेच: पैसा ज्याच्या हातात त्याच्यावर अंकुश कोणाचा? वसुली एकाची, खर्च दुसऱ्याचा, जबाब कोणाचाच नाही, अशा व्यवस्थेत प्रांताचे अंदाजपत्रक म्हणजे वरून आलेल्या रकमेची वाटणी.

१९२७ मध्ये ते मुंबई कायदे मंडळावर नेमले गेले आणि पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात त्यांनी ते हत्यार काढले. दोन एकरवाल्याला पीक बुडाले तरी शेतसारा भरावा लागतो. व्यापाऱ्याला आणि वकिलाला ठरावीक उत्पन्नाच्या खाली प्राप्तिकर नाही. एकाच सरकारचे हे दोन न्याय. पुढच्याच वर्षी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा खर्च मालकाने का सोसावा याचे उत्तर त्यांनी भावनेत दिले नाही, हिशेबात दिले: बाईच्या कामाचा नफा मालकाला मिळतो, तर त्या कामाचा खर्चही त्याच्या खात्यावर पडला पाहिजे, आणि बाळंतिणीला विश्रांती मिळण्यात सगळ्या समाजाचे हित आहे.

गिरणीतल्या एका गोष्टीने त्यांच्या अर्थशास्त्राला जी धार दिली ती कोलंबियात मिळाली नसती. सूतखात्यापेक्षा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, पगार चांगला. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी भरायचा आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. एकाच धोट्याला दोघाचौघांची तोंडे लागणार; तेव्हा सवर्ण विणकरांनी साचेखात्यात अस्पृश्यांना येऊ दिले नाही. मालकाला माणूस हवा होता, माणसाला काम हवे होते, मजुरीचा दर ठरलेला होता, आणि तरी बाजार अडला तो थुंकीपाशी. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला; समतेचा लाल बावटा घेतलेल्यांनाही तो अडचणीचा वाटला. मागणी-पुरवठ्याचे पाठ्यपुस्तकी आलेख या धोट्यापाशी निरुपयोगी होतात. जात माणसाला काम बदलू देत नाही, म्हणून जात हेच बेकारीचे एक कारण आहे, असे ते १९३६ मध्ये लिहितात तेव्हा त्यामागे हे साचेखाते आहे.

परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ पासून त्यांचे कार्यालय होते. बहिष्कृत हितकारिणी सभा तिथलीच. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी म्हणून बांधलेले ‘राजगृह’ उभे राहिले. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ चे खोती नष्ट करण्याचे विधेयक, ७ नोव्हेंबर १९३८ चा औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा एक दिवसाचा संप, हा सगळा सविस्तर सांगण्यासारखा इतिहास आहे. या प्रकरणापुरते एवढेच की कोकणातला खोत आणि परळचा गिरणीमालक यांच्यातला दुवा, १९१८ च्या निबंधातला तो रिकाम्या हातांचा शेतकरी, आता मतदार झाला होता.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. सरकारचे आर्थिक धोरण प्रत्यक्ष आखायची संधी त्यांना एवढीच सलग मिळाली. सेवायोजन कार्यालये, सरकार-मालक-कामगार यांची त्रिपक्षीय परिषद, १९४६ चा आठवड्याला ४८ तासांचा कायदा या कामांना त्यांनी हात घातला. पाणी आणि वीजही याच खात्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना आणि १९४५ चा केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग यांची घडण त्यांच्या देखरेखीखाली झाली.

त्याच वर्षांत फोर्टात काय चालले होते? ऑगस्ट १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. हे कोकणातले, महाडजवळच्या नाते गावचे, एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेले आय.सी.एस. ब्रिटनच्या युद्धखर्चाचे पौंड लंडनला जमा होत आणि त्यांच्या तारणावर इथे रुपये छापले जात. युद्धाच्या सहा वर्षांत नोटा सुमारे सहापट झाल्या आणि भाव आकाशाला भिडले. दर मात्र १८ पेन्स, जागच्या जागी. वीस वर्षांपूर्वी पोयबावडीत लिहिलेल्या प्रबंधातले भाकीत याहून चोख खरे ठरले नसते. आणि ते लिहिणारा दिल्लीत मजूर खाते सांभाळत होता.

घटनेत मात्र आंबेडकरांनी हा धागा विणला. केंद्र-राज्यांच्या वाटणीसाठी दर पाच वर्षांनी वित्त आयोग (अनुच्छेद २८०), सरकारी कर्जावर संसदेने कायद्याने मर्यादा घालण्याची तरतूद (अनुच्छेद २९२), महालेखापरीक्षकाचे स्वातंत्र्य. कर्जाची मर्यादा ‘घातली तर’ अशा शब्दांत आहे, आणि आपल्या संसदेला ती घालायला २००३ साल उजाडावे लागले. तीही पुढे वारंवार शिथिल झाली.

१९५१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे कारण सर्वांना ठाऊक आहे. निवेदनात आणखी एक तक्रार होती, ती सहसा वाचली जात नाही. आपण मुळात अर्थशास्त्र आणि वित्ताचे विद्यार्थी, तेव्हा मंत्रिमंडळाची आर्थिक समिती झाली त्या वेळी तिच्यावर घेतले जाईल अशी अपेक्षा होती, घेतले नाही. पंतप्रधान परदेशात असताना सहकाऱ्यांनी घेतले, ते परतल्यावर नाव पुन्हा वगळले गेले, आणि पुढे हरकत घेतल्यावर परत घालण्यात आले. नियोजन खाते देण्याचा शब्दही मिळाला होता, तो पाळला गेला नाही.

त्याआधी, १९४७ मध्ये, मुंबईच्या थॅकर कंपनीने रुपयावरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली होती. तिचे नाव बदलून ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’ असे ठेवले आणि त्यापुढे छापले ‘खंड पहिला’. १९२३ नंतरचा काळ दुसऱ्या खंडात यायचा होता. दिल्लीत तेव्हा घटनेचे काम सुरू झाले. दुसरा खंड निघाला नाही.